पुढचं तेल सातशेवर

मित्रांनो, मी एक जुना डिफरन्शियल आहे. हे नाव ऐकून तुमच्यातले निम्मे जण खिडकीबाहेर बघायला लागतील, हे मला ठाऊक आहे. इंजिनाचं आत्मवृत्त असतं तर तुम्ही सावरून बसला असता. पण इंजिनाने कितीही जोर लावला, तरी तो जोर मागच्या चाकांपर्यंत पोहोचवतो मी. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो आणि आतल्याला जवळचा. दोघांना आपापल्या वेगाने चालू देणं हे माझं काम. मी नसतो तर प्रत्येक वळणावर एक चाक दुसऱ्याला फरफटत घेऊन गेलं असतं.

सध्या मी तुमच्या तंत्रशाळेच्या टेबलावर आहे. माझ्या भोपळ्याएवढ्या लोखंडी पोटाला खिडकी कापली आहे. आतली दातेरी चाकं लाल-पिवळी रंगवली आहेत आणि तुम्ही येता-जाता ती हाताने फिरवता. फिरवा. मला आता काही होत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक मोठं दातेरी चाक आहे आणि त्याला फिरवणारं एक छोटं. ही दोन्ही चाकं आधी एकमेकांवर घासून जुळवतात आणि मगच आत बसवतात. दोघांवर एकच आकडा कोरतात. पुढे एक बिघडलं तर दुसरंही बदलावं लागतं, कारण नव्याशी जुन्याचे दात जुळत नाहीत. नंतर माझ्या पोटात घट्ट, पिवळसर तेल ओततात. त्या तेलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. मला तो वास आवडायचा. माणसं स्वतःच्या मुलाबाळांना डोळ्यांत तेल घालून जपतात म्हणे, पण माझ्या पोटातलं तेल बघायला त्यांना सवड होत नाही. ही तक्रार मी इथे एकदाच करतो आणि पुढे जातो.

मी ज्या गाडीखाली बसलो, ती एका वजनमापांच्या निरीक्षकांनी घेतली. सगळे त्यांना काका म्हणत. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यांच्या कोटाच्या खिशात पितळेची छोटी वजनं असत आणि आकडा चुकला की त्यांच्या कपाळावर आठी पडे. माझ्या दृष्टीने असा मालक म्हणजे भाग्यच. माझं पहिलं तेल दहा हजारांवर आणि मग दर वीस हजार किलोमीटरला बदलायचं, असं पुस्तकात लिहिलं होतं. मीटरवर दहा हजार, तीस हजार, पन्नास हजार झाले की त्याच आठवड्यात काका गाडी घेऊन गॅरेजात हजर होत. मेकॅनिकला सगळी गल्ली उद्याशेठ म्हणे, कारण कुणाचंही काम तो उद्यावर टाकी. पण काकांपुढे त्याची ही युक्ती चालली नाही. एकदा तर काकांनी त्याच्या तेलाच्या डब्याचंच माप घेतलं.

"यावर एक लिटर लिहिलंय," काका म्हणाले, "भरतंय नऊशे साठ."

"काका, तुम्ही निवृत्त झालात ना?" उद्याशेठ म्हणाला.

"मी झालो. लिटर झाला नाही."

चाळीस मिलिलिटर तेल त्यांनी दुसऱ्या डब्यातून घालायला लावलं. तेव्हा काकू बाहेर बाकावर बसून हसत होत्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या मागच्या सीटवर बसत, बरोबर माझ्या डोक्यावर. पुढे बसलं की काका गिअर टाकताना कोपर लागतं, अशी त्यांची तक्रार होती. मी माणसांना तोंडावरून ओळखत नाही. वजनावरून ओळखतो. काकू हलक्या होत्या, आणि गाडी थांबण्याआधीच उतरायची त्यांना घाई असे.

ती चांगली वर्षं होती. "मागून जरासुद्धा आवाज येत नाही," असं काका पाहुण्यांना सांगत. माझी कधी स्तुती झाली ती एवढीच, आणि मला ती पुरेशी होती.

मग काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीन वेळा त्यांना इस्पितळात नेऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून आणावं लागे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. इस्पितळ डोंगराच्या पलीकडे. जायला एकतीस किलोमीटर, यायला एकतीस. निम्मा रस्ता चढाचा आणि वळणांचा. यंत्राची वेळ ठरलेली असे. पंधरा मिनिटं उशीर झाला तर पाळी दुसऱ्याला जाई, आणि मग काकूंचे पाय सुजत, श्वास पुरत नसे. गाडी वेळेवर पोहोचणं एवढ्या एकाच गोष्टीवर ते घर चालू होतं. योगायोग असा, की सत्तर हजारांवर माझं तेल बदललं आणि त्याच सोमवारी पहिली फेरी झाली. उद्याशेठने बॉनेटच्या आत पिवळा कागद चिकटवला होता. त्यावर लिहिलं होतं, पुढचं तेल नव्वद हजार.

इस्पितळात काकूंचं सगळंच मोजलं जाई. आत जाताना वजन, बाहेर येताना वजन, रक्तदाब, यंत्रावरचे तास. घरी दिवसाला किती पाणी प्यायचं तेही मोजून. त्यासाठी काकांनी एका बाटलीवर खुणा केल्या होत्या. गाडीत ती बाटली मागच्या सीटवर पडून असे आणि वळणावर इकडून तिकडे घरंगळे.

बाविसाव्या फेरीच्या वाटेवर मीटरची तार तुटली. काटा शून्यावर पडला आणि आकडे एकाहत्तर हजार तीनशे आठवर थांबले. काकांनी लगेच गाडी बाजूला घेतली.

"तार गेली," ते म्हणाले. "परतताना उद्याशेठकडे टाकू."

"राहू द्या ना," काकू मागून म्हणाल्या.

"अगं, किती किलोमीटर झाले ते कळणार कसं?"

"नाही कळलं तर काय बिघडलं? माझं पाणी मोजता, वजन मोजता, लघवी मोजता. एक तरी गोष्ट मोजू नका."

काकांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. ती तार पुढे कधीच बदलली गेली नाही. माझ्या अंगावर पुढे जे आलं ते इथून आलं, पण मी काकूंना दोष देत नाही. त्यांना खरंच कंटाळा आला होता.

फेऱ्या चालू राहिल्या. एरवी गाडी दारातून निघत नसे. मंगळवारी, गुरुवारी काका तिच्याकडे बघतही नसत. मी तसाच उभा असे आणि तेल माझ्या तळाशी बसे. तेल जुनं होतं म्हणजे काय होतं, ते सांगतो. आधी ते पातळ होतं. मग काळं होतं. दोन दातांमधली जी तेलाची साय असते ती फाटते आणि लोखंडाला लोखंड लागतं. झिजताना दुखत असेल असं तुम्हाला वाटेल. सुरुवातीला जरा दुखलंही. नंतर बधिरपणा आला. दात घासले जात होते, त्यांची पूड तेलात मिसळत होती, आणि मला ते दुसऱ्या कुणाचं तरी होत असल्यासारखं वाटे.

काकांचंही तसंच काहीतरी झालं असावं. ते पूर्वीसारखेच वेळेवर निघत, वेळेवर पोहोचत. पण पूर्वी खड्डा आला की "सांभाळ गं" म्हणत, ते म्हणेनासे झाले. मागे आणि पुढे दोन माणसं असत आणि एकतीस किलोमीटर कुणी बोलत नसे. बोलत होतो तो मीच. उतारावर काकांनी पाय वर घेतला की माझ्यातून बारीक, लांबट सूर निघे. हाक मारावी तसा. मी दुसरं काय करू शकत होतो?

पुढे चाक पंक्चर झालं म्हणून काका उद्याशेठकडे थांबले, तेव्हा त्याने गाडी आत येतानाच कान टवकारले.

"काका, डिफरन्शियल बोलतोय."

"हं."

"मीटरवर किती झालंय?"

काकांनी मीटरकडे बघितलं. मग म्हणाले, "एकाहत्तर हजार तीनशे आठ."

"मग अजून भरपूर बाकी आहे की. नव्वदला बदलायचंय. रस्त्याचा आवाज असेल."

आकडा खरा होता, मीटरवर तोच होता. पण ते मीटर मेलेलं आहे, हे काकांना माहीत होतं. खोट्या मापासाठी त्यांनी किती जणांचे तराजू उचलून नेले होते. त्या दिवशी त्यांनी स्वतः खोटं माप दिलं आणि पंक्चर काढून घेऊन ते निघून गेले. मला राग यायला हवा होता. आला नाही.

तुम्ही विचाराल, तार नव्हती तर नव्हती, फेऱ्या मोजल्या असत्या तरी हिशोब लागला असता. एका फेरीचे बासष्ट किलोमीटर. काकांसारख्या माणसाला हा गुणाकार म्हणजे डाव्या हातचा मळ. बरोबर आहे तुमचं. पण फेऱ्या मोजायच्या म्हणजे काय मोजायचं, याचा विचार करा. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन काय सांगितलं होतं ते मी ऐकलेलं नाही, मी इस्पितळाच्या आवारात उभा असे. पण त्यानंतर काकांनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून ठेवलं, असं काकू एकदा फोनवर कुणालातरी सांगत होत्या. जो माणूस डब्यातले चाळीस मिलिलिटर सोडत नव्हता, तो आता काहीही मोजायला तयार नव्हता.

असे बरेच महिने गेले. माझा सूर वाढत वाढत घरघर झाला. मग एका शुक्रवारी, परतीच्या चढावर, माझ्यातून खट् असा आवाज आला आणि गाडीला हिसका बसला. पुन्हा खट्. काकूंची बाटली सीटवरून खाली पडली. काका गाडी तशीच हळूहळू दामटत गॅरेजपर्यंत घेऊन आले. काकू मागे आडव्या पडल्या होत्या. यंत्रावरून आल्यावर त्यांना बसवत नसे.

उद्याशेठने दार उघडलं, आत वाकून मीटर बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला.

"काका, एकाहत्तर हजार तीनशे आठ? मागच्या खेपेलाही हेच होतं."

काकांनी गाडी बंद केली.

"तार कधी तुटली?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला आकडा सांगितलात? तुम्ही?"

काकांनी किल्ली काढून हातात धरली होती आणि ते तिच्याकडे बघत होते. उद्याशेठचा आवाज जरा खाली आला. "बरं, जाऊ द्या. इस्पितळाच्या फेऱ्या किती झाल्या तेवढं सांगा. मी हिशोब करतो. त्यावरून कळेल आत काय उरलंय ते."

"मोजल्या नाहीत."

"अंदाजे?"

"मोजल्या नाहीत म्हटलं ना."

गॅरेजात कुणीतरी हातोड्याने पत्रा सरळ करत होतं, तेवढाच आवाज येत होता. मग माझ्या डोक्यावरून, मागच्या सीटवरून, काकूंचा आवाज आला. झोपेतून उठल्यासारखा, पण स्पष्ट.

"चारशे अठरा."

काका मागे वळले. त्यांचं वजन सीटवरून सरकलेलं मला कळलं.

"आजची धरून," काकू म्हणाल्या.

"तू मोजत होतीस?"

"मग? तिथे चार चार तास पडून दुसरं काय करायचं?"

"मला म्हणालीस मोजू नका म्हणून."

"तुम्ही नका मोजू, असं म्हणाले मी. तुम्हाला झोप लागत नव्हती."

काका बराच वेळ तसेच अर्धवट वळून बसले होते. शेवटी त्यांनी समोर बघितलं आणि म्हणाले, "पंचवीस हजार नऊशे सोळा." गुणाकार त्यांच्या डोक्यात आपोआप झाला होता. "वीसला बदलायचं होतं. जवळजवळ सहा हजार वर गेलंय."

उद्याशेठने त्या दिवशी उद्या म्हटलं नाही. काकूंना त्याने बाकावर गादी घालून दिली आणि गाडी उचलली. खालचा नट सोडला तेव्हा माझ्या पोटातून जे बाहेर आलं, त्याला तेल म्हणायची मला लाज वाटते. काळं, पाण्यासारखं पातळ, चमचम करणारं. ती चमक म्हणजे माझे दात. नटाला आतून लोहचुंबक असतं, त्यावर करड्या पुडीचा बोटभर जाड थर बसला होता. उद्याशेठने तो अंगठ्याने पुसला आणि काकांना दाखवला. काकांनी तो चिंधीत घेतला, चिमटीत चोळला, आणि चिंधी घडी करून खिशात ठेवली.

"दोन दातांचे टवके उडालेत," उद्याशेठ म्हणाला. "नवीन तेलात चालेल. आवाज करेल, पण पोहोचवेल. तिसऱ्या गिअरवर चढवू नका, दुसऱ्यावर जा."

"पोहोचवेल?" काकांनी विचारलं.

"पोहोचवेल."

"वेळेत?"

"दहा मिनिटं आधी निघा, काका."

नवीन तेल वरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. त्या वासाने मला क्षणभर सगळं आधीचं आठवलं. फार काही नाही, पाहुण्यांपुढचं ते एक वाक्य.

उद्याशेठने नवा पिवळा कागद काढला. "मीटर तर नाही. किती लिहू?"

काका काकूंकडे बघायला लागले. काकूंनी बोटांवर हिशोब केला, मग सोडून दिला. "सातशे फेऱ्यांवर लिहा," त्या म्हणाल्या. "लक्षात ठेवायला सोपं."

"सातशे म्हणजे अजून दोनशे ब्याऐंशी," काका म्हणाले. "साडेसतरा हजार होतील. बसतंय."

उद्याशेठने लिहिलं, पुढचं तेल सातशेवर. त्या कागदाकडे बघताना काका आणि काकू काय विचार करत होते, ते मला माहीत नाही.

त्या दिवसापासून गाडीत बोलणं सुरू झालं. आवारात गाडी थांबली की काकू आकडा म्हणत, आणि काका लगेच तोच पुन्हा म्हणत, तपासून घेतल्यासारखा. चारशे एकोणीस. चारशे वीस. गाडी एकदाही उशिरा पोहोचली नाही. एवढं एक मी अभिमानाने सांगेन म्हणतो, पण अभिमान वाटायला हवा तिथे आता काही लागत नाही. पोहोचलो, इतकंच.

चारशे त्रेसष्टाव्या फेरीला जाताना काकू माझ्या डोक्यावर होत्या. परत येताना नव्हत्या. काका पुढे एकटे होते. चढ, वळणं, उतार, सगळं तसंच होतं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरलं, आतलं कमी. मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. मी शोधून बघितलं. काही सापडलं नाही.

तीन आठवडे गाडी उभी राहिली. मग एका सोमवारी काका नेहमीच्या वेळेला येऊन बसले. काकूंची उशी इस्पितळात राहिली होती, ती आणायला जायचं होतं. आवारात गाडी थांबवून त्यांनी कुणीही नसताना म्हटलं, "चारशे चौसष्ट."

परतताना बस थांब्यावर एक शिंपी उभा होता. काकूंच्या शेजारच्या यंत्रावर तो असे, म्हणून काका त्याला ओळखत. यंत्रावरून उठून तो दोन बस बदलून घरी जाई, आणि त्या दिवशी खांबाला धरून उभा होता. काकांनी गाडी थांबवली. शिंपी मागे बसला, उशीच्या शेजारी. काकूंपेक्षा वजनाने बराच जास्त, आणि बोलायला तर त्याहून जास्त. पहिल्या दोन किलोमीटरात त्याने काकांच्या शर्टाचा डावा खांदा उतरल्याचं सांगितलं.

"बुधवारी तुमच्या घराशी येतो," उतरवताना काका म्हणाले.

"अहो, तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास नाही. गाडीत नवीन तेल घातलंय. उभं राहून खराब होतं."

हे अगदीच खोटं नव्हतं. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी काका शिंप्याच्या दाराशी उभे राहू लागले. शिंपी गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोले. गिऱ्हाइकांचं, कापडाचं, मेव्हण्याचं. काका ऐकत की नाही कोण जाणे. आवारात पोहोचल्यावर मात्र ते हात वर करून त्याला थांबवत, आकडा म्हणत, आणि मग "हं, पुढे बोला" म्हणत. पाचशे. सहाशे. माझी घरघर चालू होती. टवके उडालेले दात फिरत होते.

सातशेवी फेरी एका बुधवारी झाली. परतीच्या वाटेवर काकांनी गाडी गॅरेजात घातली आणि उद्याशेठने नट सोडला. तेल आलं ते तांबूस आणि घट्ट. त्याने बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला.

"काका, हे अजून चांगलंय. पाच हजार सहज जाईल. टाकू परत?"

"नको. सातशे झाल्या."

"वाया जाईल बघा."

"बदल."

धार बारीक झाली, मग थेंब सुरू झाले. उद्याशेठ नट हातात घेऊन उभा होता. एरवी तो थेंबांसाठी थांबत नाही. काका खाली उकिडवे बसून भांड्यात बघत होते. ते तेल भरलं तेव्हा काकू बाकावर होत्या. दोन थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. दहा अंक मोजावेत एवढं, मग वीस.

"लाव आता," काका म्हणाले.

नवीन तेल भरून झालं. उद्याशेठने कागद काढला आणि विचारलं, "पुढचं किती लिहू?"

काका उठले. गुडघ्यावरचा हात तसाच ठेवून त्यांनी मागच्या खिडकीतून शिंप्याकडे बघितलं. "तुमच्या किती झाल्या हो?"

"कसल्या?"

"फेऱ्या. इस्पितळाच्या. मोजत असाल ना?"

शिंपी एवढा वेळ गप्प राहिलेला मी कधी ऐकला नव्हता. मग तो म्हणाला, "तीनशे सात." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "घरी कुणाला सांगितलेलं नाही."

"मग यांच्या सहाशेवर लिही," काकांनी उद्याशेठला सांगितलं.

काकांनी शिंप्याला घरी सोडलं. उतरताना त्याने दार हळू लावलं.

मित्रांनो, पुढे मी निवृत्त झालो, काका गाडी चालवेनासे झाले आणि उद्याशेठने मला तुमच्या शाळेला दिलं. तेल कधी बदलायचं ते पुस्तकात लिहिलेलं असतं, ते जरूर वाचा. मीटर चालू आहे ना, तेही बघा. पण तुमच्या घरात कुणीतरी काहीतरी मनातल्या मनात मोजत असेल, आणि ते तुम्हाला कळू नये म्हणून जपत असेल. त्यांना एकदा आकडा विचारा. आणि गाडी उचललेलीच असेल, तर खालचा नट सोडून माझ्या भावंडांचंही तेल बघून घ्या. दहा मिनिटं लागतात.